घरात हीटर कोणता घ्यावा, आणि त्याआधी काय करावं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात ७६ वर्षांच्या सासूबाई, तीन वर्षांचा मुलगा आणि नवरा-बायको. थंडीत रात्री खोलीतलं तापमान १४-१५ अंशांवर येतं. सध्या उसना आणलेला ब्लोअर लावून खोली २४ अंशांपर्यंत नेली तरी सासूबाई म्हणतात पाय गारच आहेत, आणि नवऱ्याला २१ लाच कोंडल्यासारखं होतं. तेलाचा हीटर घ्यावा, ब्लोअरच घ्यावा, की गरम हवा देणारा एसी? रात्रभर चालू ठेवला तर चालेल का? आणि कोणीतरी सुचवलंय तशी झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात थांबायला वेळ नाही. शेगडी ठेवू नका. दार किलकिलं ठेवूनही नको, ‘फक्त झोप लागेपर्यंत’ही नको. धूर दिसत नाही म्हणजे धोका गेला असं लोकांना वाटतं, पण लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यांमधूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो घशाला खवखवत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो थोडाच असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग गुंगी येते. जागं माणूस उठून बाहेर तरी जाईल, पण झोपलेल्याची गुंगी कोणाला कळणार? घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-तापाचा विचार करत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि दवाखान्यात पोचल्यावर ‘घरात कोळसा किंवा गॅस जळत होता’ हे आधी सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरक त्याला ओळखता येत नाही, आणि माणूस अत्यवस्थ असतानाही तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की ते काम साधारण दीड तासात होतं, म्हणून दवाखाना गाठायचा.

हाच नियम धुराडं नसलेल्या गॅसच्या आणि रॉकेलच्या हीटरलाही लागू आहे. गॅसच्या हीटरची आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती खोलीतच राहते आणि गार भिंतीवर जाऊन बसते. कपाटामागे काळी बुरशी का धरते, असं विचारणाऱ्या किती घरांत मला कोपऱ्यात गॅसचा हीटर दिसलाय.

आता मूळ मुद्दा. घरं उबदार करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. लोक मला हीटरचं मॉडेल विचारतात आणि मी आधी त्यांच्या खिडक्या आणि पलंगाची जागा बघते. कारण थंडी वाजणं आणि हवेचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सासूबाई आणि तुमचे यजमान दोघंही खरं बोलताहेत.

माणसाला ऊब वाटते की गारठा, हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-काचा-फरशीचं तापमान, वाऱ्याची झुळूक, हवेतला ओलावा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. डॅनिश शास्त्रज्ञ पोव्हल ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास ही मांडणी सूत्रात बसवली. इमारतींच्या वातानुकूलनाची आंतरराष्ट्रीय मानकं आजही त्यावरच उभी आहेत. त्या सूत्रातली एक गोष्ट घरातल्या वादांसाठी मला फार उपयोगी वाटते. कितीही नेमकं तापमान ठेवलं तरी सुमारे पाच टक्के माणसं नाखूश राहणार, हे त्यात गृहीतच आहे. एकाच खोलीत दोघांना वेगवेगळं वाटतं म्हणजे एकाचे लाड चाललेत, असं नाही.

तुमच्या घरात काय होतंय ते बघा. ब्लोअर लावला की हवा वीस मिनिटांत २४ अंशांवर जाते, पण भिंती, फरशी आणि काच अजून १४-१५ लाच असतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचं अंग हवेशी जितकी उष्णता देवघेव करतं, साधारण तितकीच समोरच्या पृष्ठभागांशी किरणांच्या रूपात करतं. म्हणून शरीराला जाणवणारं तापमान ढोबळमानाने या दोन्हींची सरासरी असतं. हवा २४ आणि भिंती १४, म्हणजे सासूबाईंना जाणवतात १९. त्यातही गरम हवा वर चढते. छताखाली २६-२७ असताना घोट्याशी १८ असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे उभ्याने वावरणाऱ्या तुमच्या यजमानांचं डोकं गरम कोरड्या हवेत आणि खुर्चीत बसलेल्या सासूबाईंचे पाय गार फरशीवर. आकडा एकच, पण दोघांची थंडी निराळी.

मग भिंती का तापत नाहीत? हिशेब सोपा आहे. चार बाय तीन मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली धरा. त्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ही सगळी हवा दहा अंशांनी तापवायला जेमतेम ०.११ युनिट वीज लागते, २००० वॅटचा हीटर ते काम तीन-चार मिनिटांत करेल. पण नऊ इंची विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर तुकडा चारशे किलोच्या आसपास भरतो. तो फक्त एका अंशाने तापवायला जी उष्णता लागते, तेवढ्यात खोलीतली सगळी हवा आठ अंशांनी तापली असती. भिंती तासांच्या हिशेबाने तापतात, मिनिटांच्या नाही. तासभर ब्लोअर लावून बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा गारठा का येतो, त्याचं कारण हेच. ब्लोअर बिघडलेला नसतो.

यातून दोन वाटा निघतात. भिंतींनाच सावकाश, सलग, कमी वॅटने तापवत ठेवायचं ही एक. गार पृष्ठभाग आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी आणायचं ही दुसरी. दुसरी वाट जवळपास फुकट आहे, म्हणून तिथून सुरुवात करा.

सासूबाईंचा पलंग बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो आजच आतल्या भिंतीकडे सरकवा. जागा नसेल तर भिंत आणि पलंग यांत वीतभर अंतर ठेवा आणि भिंतीवर उशीच्या उंचीपर्यंत जाड कापड किंवा फोमचा पातळ बोर्ड लावा. त्यांची बसायची खुर्ची खिडकीजवळ असेल तर तीही हलवा. साध्या एकेरी काचेचं उदाहरण घ्या: बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असताना काचेच्या आतल्या बाजूचं तापमान ९ च्या आसपास असतं. शिवाय काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली उतरते आणि फरशीवरून सरपटत पायांशी येते. खिडकी घट्ट बंद असूनही ‘वारा येतोय’ असं म्हातारी माणसं म्हणतात आणि घरचे त्यांची समजूत काढतात. तो वारा खरा असतो.

पडदे जाड हवेत, खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी जास्त आणि खाली शक्यतो फरशीला टेकणारे. दिवसा ऊन येणाऱ्या खिडकीचे पडदे पूर्ण उघडे ठेवा. स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर काचेतून काहीशे वॅट उष्णता आत येते, म्हणजे छोटा हीटर फुकटात चालू असतो. सूर्य मावळायला लागला की लगेच ओढून घ्या, जेवायच्या वेळी आठवण होईपर्यंत थांबू नका. ज्या खिडक्या थंडीत उघडायच्याच नाहीत, त्यांच्या चौकटीवर आतून पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ शीट ताणून चिकटवा, काचेपासून एक-दोन सेंटिमीटर सोडून. ही अडकलेली हवा दुहेरी काचेचं बरंचसं काम करते.

फटी शोधायला उदबत्ती लागते, दुसरं काही नको. पंखे बंद करा, बाहेर वारा असेल अशी वेळ निवडा आणि पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. पडदे बाजूला घेऊनच, आणि लहान मूल दूर असताना. धुराची रेघ सरळ वर जातेय तोवर ठीक. ती एका जागी अचानक आडवी वळली किंवा तुटली की तिथे पेन्सिलने खूण करा. सरकत्या खिडक्यांच्या दोन झडपा जिथे एकमेकींवरून जातात ती उभी कड, एसीच्या पाइपाचं भोक, दाराचा उंबरा आणि विजेच्या बोर्डामागची पोकळी, बहुतेक खुणा इथेच होतात. दाराखाली पाच मिलिमीटरची फट असेल आणि दार ९० सेंटिमीटर रुंद असेल, तर ते ४५ चौरस सेंटिमीटरचं भोक झालं. भिंतीला एवढं भोक पडलं असतं तर आपण त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. फोमची चिकटपट्टी, दाराला खालून लावायचा ब्रश किंवा नुसती कापडाची गुंडाळी, काहीही चालेल. वरच्या फटी विसरू नका. गरम हवा वरून निसटते आणि तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते, म्हणून वरची झडप बंद केली की खालचा वाराही कमी होतो. फक्त एक अट: घरात गॅसचा गीझर किंवा ज्योतीवर चालणारं काहीही असेल, तर त्या जागेचा हवेचा झरोका कधीही बुजवायचा नाही.

एवढं करून उरलेली थंडी किती, त्यावर हीटरचं माप ठरतं. वरच्याच खोलीचा हिशेब पुढे नेते. एक बाहेरची भिंत, तिच्यात दोन चौरस मीटरची खिडकी. दर अंश फरकामागे भिंतीतून सुमारे १८ वॅट जातात, खिडकीतून ११ आणि तासाला एकदा हवा बदलत असेल तर हवेबरोबर आणखी ११. बाहेर १० आणि आत २० ठेवायचे असतील तर लागतात ४०० वॅट. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल आणि वर उघडी गच्ची असेल तर ७०० ते ७५० धरा. पण फटींमुळे तासाला तीनदा हवा बदलत असेल, तर फक्त हवेतूनच दुप्पट उष्णता आणखी वाढीव जाते. खिडकी भिंतीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी आहे आणि तरी तिच्यातून भिंतीच्या निम्म्याहून जास्त उष्णता जाते, हेही बघून ठेवा. भिंतीही सावकाश तापल्या पाहिजेत म्हणून दुप्पट क्षमता घेतली, तरी एवढ्या खोलीला १५०० वॅट पुरतात. दुकानात २५०० वॅटचा पुढे केला जातो. तो घेतला तर खोली जास्त उबदार होत नाही, वायरिंगवर मात्र ताण येतो.

आता प्रकार. विजेची कॉइल तापवून चालणारे सगळे हीटर, मग ते क्वार्ट्झ असोत, हॅलोजन, कार्बन, ब्लोअर किंवा तेलाचे, एका युनिटमधून तेवढीच उष्णता देतात. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या. फरक आहे तो ऊब कुठे आणि कशी मिळते यात. लालसर चमकणारा हीटर समोर बसलेल्या माणसाला थेट तापवतो, हवा गार असली तरी. एका जागी अर्धा-पाऊण तास बसायचं असेल तर तो उत्तम. पण घरात तीन वर्षांचं मूल आहे, आणि उघड्या लाल नळीकडे मुलं ओढली जातात. ब्लोअर न्हाणीघराबाहेर, कपडे बदलताना दहा मिनिटं लावायला चांगला. आवाज करतो आणि धूळ उडवतो, म्हणून रात्री नको. तेलाचा हीटर तापायला अर्धा तास घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतो. आवाज नाही, लाल नळी नाही. तुमच्या झोपायच्या खोलीला हाच योग्य. त्यातलं तेल जळत नाही, भरावं लागत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं.

गरम-थंड एसीची गोष्ट वेगळी आहे, कारण तो वीज जाळून उष्णता बनवत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर ७-१० अंश असताना चांगला इन्व्हर्टर एसी एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास, कधी जास्तही, उष्णता आत सोडतो. बाहेरचं तापमान शून्याकडे गेलं की हे प्रमाण उतरतं आणि बाहेरच्या युनिटवर हिम धरतं. ते वितळवायला मशीन मध्येच काही मिनिटं गरम हवा थांबवतं. तो बिघाड नाही, मेकॅनिक बोलावू नका. थंडी दोन-तीन महिने रोजची असेल आणि एसी बदलायचाच असेल, तर हाच घ्या. वीजबिलात त्याची बरोबरी कोणताही कॉइलचा हीटर करू शकत नाही. थंडी वर्षातून दहा-पंधरा रात्रींचीच असेल तर तेलाचा हीटर पुरे. एसी वर लावलेला असतो, म्हणून त्याच्या पट्ट्या पूर्ण खाली वळवा आणि पंखा मध्यम ठेवा, नाहीतर छतच तापत राहील. लवकर तापावं म्हणून ३० वर लावण्यात अर्थ नाही. साध्या थर्मोस्टॅटचा आकडा ही थांबायची जागा असते. तो वाढवला म्हणून कॉइल जास्त जोराने तापत नाही.

आकडा किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं सांगितलंय, आणि वृद्ध व आजारी माणसांसाठी त्याहून थोडं जास्त लागू शकतं असंही. गारठ्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. तरण्या माणसाला ते कळतही नाही, सत्तरीपुढे त्याचा ताण हृदयावर येतो. म्हणून १४-१५ अंश सासूबाईंसाठी निश्चित कमी आहेत. दिवसा त्या बसतात तिथे २०-२१, रात्री रजईत असताना १८ हे माझ्या मते पुरेसं आहे. आत-बाहेर दहा अंशांचा फरक ठेवत असाल तर प्रत्येक वाढीव अंश वीज दहा टक्क्यांनी वाढवतो. म्हणून २४ च्या मागे लागण्यापेक्षा खालच्या गोष्टी करा.

सासूबाईंचे पाय गार का? वयाबरोबर स्नायू कमी होतात आणि स्नायू हीच शरीराची भट्टी आहे. बसलेला धडधाकट माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यांची त्याहून कमी असणार. शरीर आधी पोट-छातीची ऊब राखतं आणि त्यासाठी पायांचा पुरवठा कापतं. त्यामुळे पाय गरम करायचे तर धड गरम ठेवावं लागतं. बिनबाह्यांचं लोकरी जाकीट आधी, मग मोजे. मोजे लोकरीचे आणि सैल हवेत. घट्ट मोज्यांनी पाय आणखी गार पडतात. पाय फरशीवर टेकू देऊ नका, खुर्चीपुढे छोटं स्टूल आणि त्यावर जाड कापड ठेवा. दर तासाला दोन-तीन मिनिटं घरातल्या घरात चालणं याला कोणताही हीटर पर्याय नाही. हे सगळं करूनही पाय बर्फासारखेच राहत असतील तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातली, हातपाय गार पाडतात. डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोकं झाकलं की निम्मी थंडी गेली, असं म्हणतात, ते खरं नाही. डोक्यातून शरीराच्या एकूण उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. टोपी घाला, पण पाठ उघडी टाकून नव्हे.

झोपायच्या वेळी गरम पाण्याची पिशवी हे माझं आवडतं साधन आहे. दीड लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत जी उष्णता देतं, ती एका युनिटच्या विसाव्या भागापेक्षाही कमी असते, आणि ती सगळी पांघरुणाच्या आत, हवी तिथे मिळते. तीच गोष्ट खोलीच्या हीटरने साधायची तर कित्येक पट वीज जाते. पाय गरम झाले की झोपही लवकर लागते: पायांच्या रक्तवाहिन्या उघडतात, तिथून आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीराला झोपेसाठी आतून थोडं गार व्हायचंच असतं. पाणी उकळतं भरू नका. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, झाकण लावून उलटी धरून बघा, कापडात गुंडाळा. रबर जुनं झालं, घडीवर भेगा दिसल्या की टाकून द्या. सासूबाईंना मधुमेह असेल तर पिशवी अंथरूण तापवून, त्या पडायच्या आधी काढून घ्या. पायांची संवेदना कमी झालेली असते आणि भाजलेलं सकाळी कळतं. रोज तासन्‌तास हीटर पिंडऱ्यांसमोर ठेवणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग येतात, ते दिसले तर अंतर वाढवा. गादीच्या खालून येणारी थंडीही मोजा. अंगाखाली दबलेल्या गादीत हवा कमी राहते, म्हणून वर तिसरं पांघरूण घालण्यापेक्षा एक जाड ब्लँकेट चादरीखाली घाला.

वृद्ध माणूस कुडकुडायचं थांबलं म्हणजे ऊब आली, असं धरू नका. बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखं होतंय, पोटही हाताला गार लागतंय, असं दिसलं तर शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असू शकतं. अशा वेळी घरचे उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना.

मुलाचं बरोबर उलटं आहे. तीन वर्षांचं मूल दिवसभर धावतं, त्याला तुमच्यापेक्षा कमी थंडी वाजते. त्याचे हात गार लागतात म्हणून आणखी एक स्वेटर चढवू नका. मानेच्या मागे, कपड्यांच्या आत हात घालून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. घामाने ओला झालेला सुती बनियन हाच त्याच्या थंडीचं कारण असतो. इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंथरुणात नको.

रात्रभर चालू ठेवण्याबद्दल: ब्लोअर किंवा लाल नळीचा हीटर झोपेत अजिबात नाही. तेलाचा, थर्मोस्टॅट आणि पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असलेला हीटर तुलनेने सुरक्षित आहे. तरी झोपण्याआधी दोन तास लावून बंद करणं मला जास्त पटतं. ठेवायचाच असेल तर पडदा, गादी, कपडे यांपासून एक मीटर दूर ठेवा आणि त्यावर काहीही वाळत घालू नका, मोजासुद्धा. प्लग थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायचा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, आणि एक्स्टेन्शन बोर्डच्या ढिल्या पट्ट्या तेवढा प्रवाह तासन्‌तास सोसत नाहीत. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने हीटर बंद करा, प्लग काढून त्याला हात लावा. कोमट असेल तर ठीक. धरवत नसेल, पिनेभोवती पिवळट-तपकिरी डाग असेल किंवा जळका वास असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. हीटरमुळे लागणाऱ्या आगींची सुरुवात मी बऱ्याचदा इथेच झालेली पाहिली आहे, हीटरमध्ये नाही.

उरले तुमचे यजमान. विजेचा हीटर ऑक्सिजन खातो, हे खरं नाही, ज्योतीचा खातो. त्यांना जाणवतो तो कोरडेपणा आणि कोंदटपणा. १० अंशांची, ८० टक्के दमट हवा २० अंशांवर तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या आसपास येते, कारण पाणी तेवढंच असतं आणि हवेची धारण करायची ताकद वाढलेली असते. शिवाय बंद खोलीत तीन-चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि डोकं जड होतं. झोपण्याआधी आणि उठल्यावर समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं पूर्ण उघडा. हवा बदलेल; भिंती त्यांची ऊब सोडणार नाहीत, आणि दोन-चार मिनिटांत खोली पुन्हा पूर्वीसारखी होईल. हीटरसमोर पाण्याचं पातेलं ठेवून फारसं काही होत नाही, वाफ अगदी कमी होते. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घ्या. ४० ते ६० मध्ये आकडा असेल तर काहीच करू नका. ६० च्या वर असेल आणि सकाळी काचेवर पाणी दिसत असेल, तर ओले कपडे आत वाळत घालणं आधी बंद करा. यजमानांना वेगळी, पातळ रजई द्या आणि हीटर सासूबाईंच्या खोलीत राहू द्या. मूल त्या खोलीत जात-येत असेल तेव्हा तो बंद, किंवा भोवती जाळी लावलेली.

थर्मामीटर मात्र आत्ता जिथे आहे तिथून हलवा. तो बहुधा भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर असेल. सासूबाईंच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर, हीटरच्या थेट समोर येणार नाही असा ठेवा आणि आठवडाभर पहाटे उठल्याबरोबर बघा. पलंग हलवून, फटी बुजवून आणि पडदे बदलूनही तिथे १८ च्या खाली आकडा येत राहिला, तर १५०० वॅटचा तेलाचा हीटर घ्या आणि टायमरने त्या उठायच्या तासभर आधी चालू होईल असा लावा.